बहिणाबाईंना समीक्षक भेटला होता

‘समीक्षकांनी मराठी वाचक संपवला’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो सोडून दिला होता. पण मग तोच मजकूर कराडला बी.ए. करणाऱ्या माझ्या भाचीने पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, वाच की. पटतंय मला. समीक्षेचा पेपर सोडून दुसरा घेणार आहे.’ मनापासून कविता वाचणारी मुलगी आहे. असल्या मजकुरावर विसंबून ती एक अख्खी वाट स्वतःच बंद करून घेणार असेल, तर मला गप्प बसता येणार नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. समीक्षक म्हणजे स्वतःला लिहिता न आलेली माणसं. समीक्षा हा पुण्या-मुंबईच्या चार पंडितांचा खेळ. त्यांनी कवी बा. सी. मर्ढेकरांना अश्लील ठरवलं, अण्णा भाऊ साठ्यांना वाळीत टाकलं, त्यांच्या पुस्तकांना एकाही समीक्षकाने हात लावला नाही. आणि बहिणाबाईंना कुठला समीक्षक भेटला होता? तरी त्या घराघरांत पोहोचल्याच ना? तेव्हा पुस्तक थेट वाचा, मध्ये कुणी नको.

बहिणाबाईंचंच आधी घेते, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडताहेत आणि सगळ्यात खोटं तेच आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करताना सुचेल ते त्या म्हणत आणि घरातलं कुणीतरी ते उतरवून घेई. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः नाव असलेला कवी, पण आईची गाणी लोकांपुढे ठेवायला तोही बिचकत होता. शेवटी ती वही त्याने आचार्य अत्र्यांपुढे नेली. हे बावनकशी सोनं आहे, ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असं अत्रे म्हणाले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. अत्रे नाटककार होते, संपादक होते, सगळं होते. पण त्या वहीपुढे ते बसले ते पारख करायला. हे चांगलं आहे, आणि का चांगलं आहे, हे त्यांनी चार लोकांना पटवून दिलं. समीक्षकाचं काम याहून वेगळं काय असतं? अशी किती जणींची गाणी जात्याबरोबरच थांबली असतील. कुणी पारखी त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, एवढंच कारण.

त्या प्रस्तावनेचा परिणाम उलट बाजूनेही झाला, हेही सांगते. अत्र्यांच्या अचंब्यात आपण अडकून पडलो. आजही वर्गात बहिणाबाई शिकवताना ‘निरक्षर असूनही’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. बाईने रूपक कसं रचलं, बोलीचा नाद कसा सांभाळला, नवऱ्यामागे उरलेल्या आयुष्याकडे ती कोणत्या नजरेने बघते, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. एका समीक्षकाने लावलेली नजर पिढ्यान् पिढ्या टिकते ती अशी. ती बदलायची तर त्याहून बारकाईने वाचणारा दुसरा समीक्षक लागतो. समीक्षा बंद करून ती बदलत नाही.

अण्णा भाऊंबद्दल मजकुरात अर्धं खरं आहे. वाटेगावच्या या माणसावर त्याच्या हयातीत समीक्षकांनी फार कमी लिहिलं. हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं, आणि त्याची चीडही येते. पण ‘एकाही समीक्षकाने हात लावला नाही’ हे साफ चूक. ‘फकिरा’ उघडून पाहा. १९५९ च्या या कादंबरीला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची आहे. खांडेकर सांगलीत जन्मलेले, त्या काळचे भरपूर वाचले जाणारे लेखक आणि तितकेच गंभीर समीक्षक. मातंग समाजातल्या नायकाची कादंबरी, ती लिहिणारा लाल बावट्याचा शाहीर, आणि पांढरपेशा वाचकाच्या हाती ती देताना खांडेकरांनी आपलं नाव तिच्यामागे उभं केलं. १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. पुढची उपेक्षा झाली ती झालीच. पण ती भरून काढायला पुढे आले तेही अण्णा भाऊंवर लिहिणारे अभ्यासकच होते. हा मजकूर फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘फकिरा’ची प्रस्तावना वाचली आहे?

मर्ढेकरांना ‘समीक्षकांनी अश्लील ठरवलं’ म्हणे. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये आला. त्यावर अश्लीलतेचा खटला भरला सरकारने, आणि १९५२ मध्ये मर्ढेकर निर्दोष सुटले. दुर्बोध, किळसवाणी असं नावं ठेवणारे लेखकही होते, वाचकही होते, समीक्षकही होते. पण ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही त्यांची कविता आज आपल्याला नुसती किळसवाणी वाटत नाही. युद्धानंतरच्या यंत्रासारख्या शहरी जगण्याची ती कविता आहे, आणि हेच सांगायला हा कवी संतांचे अभंग-ओवीचे साचे हाती घेतो, हे कुणी दाखवलं? विजया राजाध्यक्षांनी मर्ढेकरांच्या कवितेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. भाचीने तो एकदा हातात घ्यावा. साताऱ्याजवळच्या मर्ढ्याचं नाव लावणारा कवी तिला वेगळाच दिसेल.

‘लिहिता येत नाही ते समीक्षक होतात’ याला उत्तर दोन ओळींत देता येतं. मर्ढेकरांना १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार कवितेसाठी नाही, ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षेच्या पुस्तकासाठी मिळाला. ‘कोसला’ ही कादंबरी लिहिणाऱ्या भालचंद्र नेमाड्यांना १९९१ चा मिळाला तोही ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्याच पुस्तकासाठी.

आणि पुण्या-मुंबईचे चार पंडित? १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकार सभा, म्हणजे मराठी लेखकांचा मेळावा, भरली, तिचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रादि अतिशूद्रांच्या सुखदुःखाचा मागमूस नाही त्यांच्यात आम्ही मिसळणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. हे पत्र म्हणजे मराठीतली जबर समीक्षा आहे. फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुढे दलित लेखकांनी हाच प्रश्न सौंदर्याच्या कल्पनेलाच विचारला. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून ठणकावलं की वाचकाला आनंद देणं हे या साहित्याचं माप होऊ शकत नाही. त्यानंतर दलित आत्मकथनं वाचताना ‘यात सौंदर्य कुठे आहे?’ असं विचारणारा वाचक स्वतःच ओशाळू लागला. वाचनावर परिणाम म्हणतात तो हा.

राहिला ‘थेट वाचा’ हा उपदेश. आपल्याकडे सप्ताहात महाराज एक अभंग घेतात आणि दोन तास त्याचं निरूपण करतात. तुकोबा आणि आपल्यामध्ये हा कोण, असं म्हणून तिथून कुणी उठून जात नाही. विद्यापीठातल्या पुष्कळ समीक्षेची भाषा रुक्ष आणि उगाच बोजड झाली आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. मीही कित्येक पुस्तकं अर्ध्यात ठेवली आहेत. पण त्याचा राग अत्र्यांवर आणि खांडेकरांवर काढायचं कारण नाही. ज्यांना हा मजकूर पुढे पाठवायचाच आहे त्यांनी निदान बहिणाबाईंची ओळ त्यातून काढावी. आणि भाचीला मी कळवलं आहे की पेपर बदलायच्या आधी ग्रंथालयातून ‘फकिरा’ आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ आण आणि दोन्ही प्रस्तावनेसकट वाच.