साठीनंतर वजन उचलू नये?

‘साठीनंतर वजन उचललं की सांधे झिजतात, फक्त चाला’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. चालणं चांगलंच, पण तेवढ्याने मांड्यांची ताकद टिकत नाही. आणि खुर्चीतून उठताना किंवा तोल जाताना सावरायला तीच लागते. १९९० साली अमेरिकेत नव्वदीतल्या वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत! जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठ-बस करण्यापासून सुरुवात करा, भार हळूहळू वाढवा. हृदयविकार किंवा नुकतंच हाड मोडलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.