गोळा सापडला ते शेत कुठलं?

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला राहायला आल्यापासून इथल्या सिव्हिल वॉरच्या (अमेरिकेतलं १८६१-६५ चं यादवी युद्ध) जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनांना जातो. गडांवर फिरत वाढलोय, तोफगोळा दिसला की पाय थांबतातच. परवा एका टेबलावर बारा पौंडी गोळा उचलला, साडेचार इंचाचा, गंज काढून मस्त साफ केलेला, आणि विचारलं कुठे मिळाला? तर म्हणे "व्हर्जिनियात". बस्स, एवढंच!

अहो, इथल्याच नुसत्या पीटर्सबर्ग शहराचा वेढा जून १८६४ ते एप्रिल १८६५ चालला, खंदक मैलोन् मैल. कुठलं शेत, किती खोल, लांबट गोळा असेल तर त्याचं टोक कुठल्या बाजूला, एवढं कळलं तरी तोफ साधारण कुठे उभी होती याचा अंदाज बांधता येतो. ते नाही लिहिलं तर उरतं फक्त लोखंड, आणि मला याचा खरंच त्रास होतो कारण एकदा खणून काढलं की ती जागा परत सांगता येत नाही.

मेटल डिटेक्टर घेऊन अशा वस्तू शोधून खणणाऱ्या हौशी डिटेक्टरवाल्यांवर माझा राग नाहीये. लिटल बिगहॉर्नला, म्हणजे मूळ अमेरिकनांनी १८७६ मध्ये अमेरिकी घोडदळाला हरवलं त्या रणांगणावर, १९८३ मध्ये वणव्याने गवत जळलं, त्यानंतर संशोधकांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच सोबत घेऊन एकेक पुंगळी, एकेक गोळी जिथल्या तिथे नकाशावर टिपली, आणि पुंगळीवरच्या खुणांवरून एकच बंदूक मैदानात कशी सरकत गेली तेही कळलं. नॅशनल पार्कात खणणं गुन्हाच आहे. खाजगी शेतात मालकाची परवानगी असली की चालतं, पण तिथे नोंद ठेवा म्हणून कोणी मागे लागत नाही.

आणि प्लीज, पोकळ गोळा घरी साफ करू नका. आतली दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. इथून जवळच चेस्टरला २००८ मध्ये एक मुरलेले संग्राहक नऊ इंची नौदलाचा गोळा साफ करताना गेले, तुकडा पाव मैलावरच्या घरावर जाऊन आदळला.

त्याच प्रदर्शनात कोपऱ्यात एक आजोबा होते, त्यांच्याकडे वही. प्रत्येक वस्तूपुढे शेत, ओढ्यापासूनचं अंतर, खोली, तारीख, सगळं पेन्सिलीने. त्यांच्याकडून हॉचकिस गोळ्याचा (मध्ये शिशाचा पट्टा असलेला लांबट तोफगोळा) एक फुटका तुकडा घेतला, मधल्या पट्ट्याचं शिसं अजून चिकटलेलं आहे. वहीतल्या त्या पानाचा फोटोही काढून घेतला, प्रिंट करून तुकड्याच्या डबीतच ठेवलाय.