पर्यावरण सप्ताहाची तारीख किनाऱ्याला विचारून ठरवावी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनारी गावातल्या महाविद्यालयात यंदाच्या पर्यावरण सप्ताहाची तयारी सुरू झाली आहे, हे कळल्यावर मनापासून आनंद झाला. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले आणि असे कार्यक्रम घडवून आणायला प्राध्यापकांना व मुलांना किती धावपळ करावी लागते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून पुढचे जे लिहितो आहे ते आपुलकीने लिहितो आहे. हा सप्ताह साऱ्या गावाचा व्हायचा असेल, तर त्याची तारीख, वेळ आणि जागा किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांना विचारूनच ठरवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दोन वर्षांपूर्वीचा किनारा स्वच्छतेचा दिवस मी विसरू शकत नाही. त्या दिवशी अमावास्या होती आणि प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने वेळ सकाळी अकराची ठरली होती. हातमोजे घातलेली दोनेकशे मुले किनाऱ्यावर पोहोचली तेव्हा उधाणाचे पाणी थेट धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांना लागले होते आणि उचलण्यासारखा कचरा असलेली सारी वाळू पाण्याखाली होती. मुले बंधाऱ्यावर उभी राहिली, शपथ झाली, छायाचित्रे झाली आणि उन्हात तासभर ताटकळून सगळे परतले. शेजारीच मासळी वाळत घालणाऱ्या एका काकूंनी माझ्याजवळच्या मुलीला विचारले, "बाळा, आज आवस. आता वाळू कुठून दिसायची? तिथीची पाऊणपट करायची, की भरती कळते."

हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग पुढे सरकते, हे शास्त्र आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. काकूंनी ते एका वाक्यात सांगितले. कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी त्यांना विचारायला कोणी गेले असते, तर दोनशे मुलांचा दिवस वाया गेला नसता.

तारखेचेही तसेच आहे. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन १९७३ पासून साजरा होतो आणि त्याचे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु कोकणात त्या सुमारास महाविद्यालयाला सुट्टी असते, पाऊस दाराशी आलेला असतो आणि खवळलेल्या समुद्राजवळ मुलांना नेणे धोक्याचे असते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन येतो, पण तोवर मासेमारीचा हंगाम सुरू होऊन खलाशी समुद्रावर गेलेले असतात आणि अनेकदा गणपतीची गडबडही त्याच दिवसांत असते. या दोहोंच्या मध्ये आपली नारळी पौर्णिमा आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी तेव्हा नुकतीच संपलेली असते, सागराला नारळ अर्पण करण्यासाठी सारा मच्छीमार समाज बंदरावर जमलेला असतो, मुले महाविद्यालयात असतात आणि पावसाळ्याच्या लाटांनी बाहेर फेकलेला कचरा किनाऱ्यावर पडून असतो. सप्ताहाला याहून योग्य मुहूर्त मला तरी दिसत नाही. पौर्णिमेला उद्घाटन करावे आणि वद्य चतुर्थीला, सकाळी आठ ते दहा, ओहोटीच्या वेळी वाळूत उतरावे.

गेल्या वर्षी एका प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन पंचवीस-तीस मुलांसह नेमके हेच करून पाहिले. खाडीच्या मुखाशी चिप्पी या कांदळवनातल्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडांत नायलॉनचे एक जुने जाळे अडकले होते. चिखलातून शंकूसारखी वर आलेली श्वसनमुळे त्या जाळ्यात इतकी गुरफटली होती, की ओढले तर मुळे मोडत होती आणि कापले तर तुकडे चिखलात राहत होते. मुले थांबली. तेव्हा जाळी विणण्यात हयात घालवलेले दालदी या मुस्लिम मच्छीमार समाजातले एक चाचा गुडघाभर चिखलात उतरले, त्यांनी आधी जाळ्याची वरची दोरी शोधून काढली, एका मुलाच्या हाती दिली आणि एकेक फास बोटाने मुळावरून वर सरकवत दीड तासात अख्खे जाळे मोकळे केले. एकही मूळ तुटले नाही. हीच पांढरी चिप्पी महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केली आणि असा वृक्ष ठरवणारे आपले राज्य देशात पहिले. मुलांना ही माहिती परीक्षेपुरती होती. चाचांच्या शेजारी चिखलात उभे राहिल्यावर ते झाड त्यांच्या ओळखीचे झाले.

त्या दिवशी जमलेल्या कचऱ्याबद्दलही बोलले पाहिजे. दोऱ्या आणि थर्माकोलचे तुकडे होते, ते मासेमारीतले, हे खरे. पण त्याहून कितीतरी अधिक गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, औषधांच्या बाटल्या आणि चपला होत्या, आणि हा कचरा वरच्या गावांतून, बाजारपेठांतून, नदीवाटे खाली येतो. असे असताना व्यासपीठावरून "मच्छीमारांनी समुद्र स्वच्छ ठेवावा" असा उपदेश केला जातो, तेव्हा समोर बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरचे दुखावलेपण मी पाहिले आहे. ज्यांच्या दारात सगळ्या तालुक्याचा कचरा येऊन पडतो, त्यांनाच दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

वृक्षारोपणाविषयी माझे म्हणणे काहींना आवडणार नाही. दरवर्षी गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, यंत्राने कातळ फोडून खड्डे घेतले जातात आणि त्यांत रोपे लावली जातात. सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून तो रिकामा आहे, असे आपण धरून चालतो. पावसाळ्यात त्याच कातळावर गेंद आणि सीतेची आसवे या रानफुलांचे गालिचे पसरतात आणि इंचभर मातीत वाढणाऱ्या अनेक वनस्पती याच भूमीवर जगतात. शिवाय कोकणातल्या अशाच सड्यांवरच्या कातळशिल्पांना २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत स्थान मिळाले आहे. रोपे अवश्य लावावीत, पण ती गावाच्या परसांत, रस्त्याकडेला, पाणंदीच्या कडेला. सड्यावर मुलांना श्रावणात फक्त पाहायला न्यावे.

गावाने यजमानपद घेतले की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम हाती घेतले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय ग्रामस्थांच्या घरांत होऊ लागली. अंड्यांची राखण करणारी आणि पाहुण्यांना वाढणारी माणसे त्याच गावची आहेत.

आमच्या महाविद्यालयाला मुलांच्या हातून एक काम लगेच करता येईल. जाळ्यात सापडलेले कासव किंवा अन्य संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना २०१८ साली सुरू झाली. त्यासाठी पुरावा म्हणून छायाचित्रे जोडून अर्ज भरावा लागतो आणि आमच्या बंदरावरच्या अनेक वयस्कर नाखव्यांना, म्हणजे होडीच्या मालकांना, तो भरता येत नाही. पदवीच्या मुलांना पर्यावरण विषयाचा प्रकल्प सक्तीचा असतोच. घोषवाक्यांच्या तक्त्यांऐवजी त्यांनी सप्ताहात बंदरावर टेबल मांडून बसावे आणि हे अर्ज कसे भरायचे, ते नाखव्यांना दाखवावे.

येत्या सोमवारी आम्ही काही माजी शिक्षक, मच्छीमार सोसायटीचे दोन सभासद आणि त्या काकू, असे प्राचार्यांना भेटायला जाणार आहोत. पत्रात दोनच मागण्या आहेत: सप्ताह नारळी पौर्णिमेपासून सुरू करावा आणि नियोजन समितीत बंदरावरच्या चार जणांना, त्यांत दोन स्त्रियांना, घ्यावे. गावातल्या ज्यांना हे पटत असेल त्यांनी सही करण्यासाठी शनिवारी संध्याकाळी, ओहोटीला, जेट्टीवर यावे.