फूटपाथ बांधायचाय? मग एवढं कराच

पावसाळ्यात पेव्हरवर पाय ठेवल्याबरोबर फटीतून काळ्या पाण्याची पिचकारी उडाली, की समजावं, काम पक्कं झालंय. परवा ही पिचकारी धुवट लेंग्यावर झेलल्यामुळे हे मार्गदर्शन सुचलं. आपल्या बेळगावचा जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या २० त नंबर लागलाय, हे काम करताना विसरू नका.

सुरुवात उंचीपासून. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. म्हणू दे की! तुम्ही गुडघ्याला लागेल एवढा उंच करा, आणि प्रत्येक फाटकासमोर गाडीसाठी खाली उतरवा. म्हणजे घर आलं की उतरा, घर गेलं की चढा. म्हाताऱ्यांचा व्यायाम होतो, हाडांच्या डॉक्टरांचाही धंदा चालतो.

रुंदी १.८ मीटर मोकळी लागते. तेवढी सोडा, आणि बरोब्बर मधोमध विजेचा डीपी बॉक्स बसवा.

आता पेव्हर. इथेच खरी कला आहे वो. पुस्तकी पद्धत अशी: खालची माती रोलरने दाबायची, त्यावर १०० ते १५० मिलिमीटर खडी-मुरूम पाणी मारून दाबायचा, वर २५-३० मिलिमीटर चाळलेली जाड वाळू, मग ६० मिलिमीटरचे ब्लॉक, कडेला पक्का दगड, फटींत बारीक वाळू आणि शेवटी वरून दाबायला प्लेट व्हायब्रेटरचं यंत्र. एवढं कोण करतंय? दाबायचं काम गाळा, मुरूम खड्ड्यांपुरता टाका, आणि लेव्हल मिळत नसेल तिथे वाळूच हातभर भरा. कडेचा दगड नुसता उभा करा, पक्का बसवू नका, म्हणजे ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतील. पहिल्या मोठ्या पावसात पाणी फटींतून आत जाईल, वाळूचा जाड थर भिजून बसेल, ब्लॉक डुगडुगेल, आणि प्रत्येक पावलागणिक खालची वाळू पाण्याबरोबर वर फेकली जाईल. वाळू गेली की पोकळी, पोकळी झाली की खड्डा, खड्डा झाला की नवं टेंडर. फोटो मात्र काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढून घ्या. उन्हात. पावसाच्या आधी.

पाइप आणि केबल पेव्हर बसवून झाल्यावरच टाका. आधी कधीच नाही.

झाडाच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट ओता.

चेंबर उघडं ठेवून भोवती लाल-पांढरी रिबीन बांधा. आत साचलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्यात डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण ८ ते १० दिवस लागतात. तुमची रिबीन महिनाभर टिकते, म्हणजे दोन पिढ्या आरामात. घरोघरी येऊन कुंड्या उलट्या करायला सांगणारे रिबिनीला वळसा घालून जातील, काळजी नको.

डॉक्टर सगळ्यांना सांगतात, आठवड्याला १५० मिनिटं चाला. कुठे चाला? टिळकवाडीतला माणूस आता स्कूटरवर बसून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जातो, तिथे चालतो आणि स्कूटरवर परत येतो. खडे बाजारात, गणपत गल्लीत पायी जायचं म्हटलं की रस्त्यातूनच, मागून हॉर्न खात. शुगर, गुडघे, मोडलेलं खुब्याचं हाड, हे सगळं नशिबाचं म्हणून खपवतो आपण. नशीब कसलं? चुकीच्या लेव्हलला सही करणारा माणूस असतो. मोजपट्टी न लावता बिल पास करणारा दुसरा असतो. आणि फूटपाथवर शेड काढणारा, दारापुढचा कडेचा दगड फोडून कारसाठी रॅम्प करणारा, त्यावरच पार्किंग करून वर 'सिस्टीम'ला शिव्या घालणारा तिसरा असतो. तो आपल्यातलाच आहे, लाज वाटायला पाहिजे. बिल पास करण्याआधी सही करणाऱ्याने एक व्हीलचेअर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः ढकलून दाखवावी. भर जुलैत. ती अडकली तर एक पैसा देऊ नका.