‘नकाशा वाचता येत नाही’ या शेऱ्याला उत्तर

महोदय,

माझ्या पिनबॉल यंत्राच्या फ्लिपरांना (चेंडू उडवणाऱ्या दांड्यांना) मी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा पुरवठा कसा दिला, त्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. १९६० च्या दशकातल्या गॉटलिब कंपनीच्या यंत्रात ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीची (दिशा बदलत राहणाऱ्या विजेची) डीसी करणारा भाग, घालणे ही जुन्या वस्तूची नासधूस आहे; डीसीमुळे स्विचवरची ठिणगी लवकर विझत नाही आणि काँटॅक्ट (स्विचची एकमेकांना टेकणारी टोके) जळतात; ट्रान्सफॉर्मरचा हाय टॅप (जास्त व्होल्टेजचे टोक) जोडला असता तर काम भागले असते; मी दिलेला फ्यूज चुकीचा आहे; आणि शेवटी, ‘नकाशा वाचता येत नसला की माणूस असले उद्योग करतो’, असे सर्किटच्या नकाशाबद्दल आपण लिहिले आहे.

फ्यूजबद्दल आपण बरोबर आहात. लेखात १५ अँपिअर छापले गेले, यंत्रात १० चाच आहे. ती ओळ मी दुरुस्त केली आहे आणि ही चूक दाखवल्याबद्दल आपला आभारी आहे.

शेवटचे वाक्य मात्र मला सोडून देता येत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे रिलेंची (विजेने चालणाऱ्या स्विचांची) पॅनेल जोडली, आणि त्यातली पहिली नऊ वर्षे लिफ्टच्या कंट्रोलरवर गेली. १९९३ च्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एका इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक वृद्ध बाई होत्या. कंट्रोलरच्या दारावरचा नकाशा ओलीने अर्धा गळून गेला होता. उरलेल्या अर्ध्यावरून आणि रिलेंच्या आवाजावरून दाराच्या इंटरलॉकचा न मिटणारा काँटॅक्ट मी टॉर्चच्या उजेडात शोधला. त्या रात्री मला कोणी नकाशा वाचता येतो का असे विचारले नाही. आज चरईतल्या माझ्या घरी न येता, यंत्राचे झाकणही न पाहता आपण ते ठरवून मोकळे झालात, याचे मला वाईट वाटले.

आता नकाशाच बोलतो म्हणून सांगतो. फ्लिपरच्या कॉईलमध्ये दोन वेटोळी एकापाठोपाठ जोडलेली असतात. जाड तारेचे फटका मारते, बारीक तारेचे फ्लिपर वर धरून ठेवते. बटण दाबताना ईओएस (एंड ऑफ स्ट्रोक) स्विच मिटलेला असतो, त्यामुळे बारीक वेटोळे वगळले जाते आणि पूर्ण जोर मिळतो. फ्लिपर वर पोहोचला की तोच स्विच उघडतो, बारीक वेटोळे मार्गात येते आणि प्रवाह इतका उतरतो की बटण दाबून ठेवले तरी कॉईल जळत नाही. एसीवर प्रवाहाला तारेच्या रोधाबरोबर कॉईलचा प्रेरक विरोधही सोसावा लागतो. डीसीवर प्रवाह स्थिरावला की फक्त तारेचा रोध उरतो, म्हणून तीच कॉईल अधिक जोराने ओढते. हे ठाऊक होते म्हणूनच मी ब्रिज ट्रान्सफॉर्मरपाशी न लावता प्रत्येक फ्लिपरच्या कॉईलपाशी लावला. त्यामुळे बटणाचा स्विच आजही एसीच तोडतो. नकाशा न वाचता कोणी जागा अशी निवडत नाही.

हाय टॅप मी सर्वात आधी लावून पाहिला होता. आमच्या सोसायटीत संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. फ्लिपर उचलताना २४ व्होल्टच्या तारेवर मीटर २१ दाखवत असे. पण हाय टॅपने केवळ फ्लिपरांचा नव्हे, साऱ्या रिलेंचा आणि गुण मोजत पुढे सरकणाऱ्या स्टेपर युनिटांचाही दाब वाढतो, आणि खेळ चालू असेपर्यंत ओढलेले राहणारे रिले तापू लागतात. दोन कॉईलींसाठी सगळे यंत्र तापवणे मला पटले नाही.

‘मूळ रूप’ हा शब्द आपण दोनदा वापरला आहे. हे यंत्र शिकागोत ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ आहे, म्हणून ठाण्यात गुणांचे ठोके देणारी त्याची स्कोअर मोटर जवळजवळ एक षष्ठांशाने हळू फिरते आणि ५० गुणांचे पाच ठोके लांबत लांबत पडतात. म्हणजे ज्या क्षणी ते इथे प्लगला लागले, त्याच क्षणी मूळ रूप राहिले नाही. ते तसेच हवे असेल तर यंत्र बंद ठेवावे लागेल, आणि बंद यंत्राला मी जतन म्हणत नाही. शिवाय मी एकही मूळ तार कापलेली नाही. सोल्डरचे चार टाके सोडवले की जोडणी पूर्ववत होते.

राहिला ठिणगीचा मुद्दा. ईओएस स्विच ब्रिजच्या पलीकडे, डीसीवर आहे, हे मला आपण सांगण्याआधीच ठाऊक होते. दोन पावसाळे गेले, काँटॅक्ट शाबूत आहेत, त्यामुळे यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. दोन्ही ब्रिजच्या जोडणीची छायाचित्रे लेखात जोडली आहेत. ती पाहून त्यातला नेमका कोणता टाका चुकीचा आहे हे आपण दाखवलेत, तर त्याला मी टाक्याच्या भाषेत उत्तर देईन. माझ्या वाचनाविषयी पुन्हा काही लिहिलेत, तर देणार नाही.