नातवाने विकत घेतलेला राष्ट्राध्यक्ष

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळत होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. एकट्यादुकट्या विकसकांनी बनवलेल्या मोफत राजकीय खेळांवरचा माझा लेख वाचून तुम्ही नववीतल्या नातवाला 'ऑइलिगार्की' हा तेल कंपनी चालवण्याचा संगणकावरचा खेळ लावून दिलात. अर्ध्या तासात त्याने अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विकत घेतला आणि तुमच्याकडे टाळी मागितली. तुम्ही चाळीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं आहे. तुम्हाला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला कळतं.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. या खेळांत सरळमार्गी खेळाडू हरतोच, म्हणजे फासे आधीच लबाड केलेले असतात. याला डावपेचांचा खेळ म्हणू नये, प्रचार म्हणावं. युद्धात मेलेल्या माणसांचा खेळ करणं असभ्यपणाचं आहे. आणि जे दोन दिवसांत तयार होतं, फुकट मिळतं, त्यात विचार तो किती असणार?

लबाड फाशांचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून तोच आधी घेते. फासे लबाड आहेत, हे मला मान्य आहे. पण सर, कुठल्या खेळाचे नसतात? उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण सगळेच 'व्यापार' खेळलो. मुंबई घ्या, दिल्ली घ्या, भाडं वसूल करा, शेजारचा कंगाल झाला की तुम्ही जिंकलात. तेव्हा हा प्रचार आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. या खेळाचं मूळ ज्या खेळात आहे, त्याचं पेटंट लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली घेतलं होतं. जमिनीचं भाडं मूठभरांच्या खिशात जाऊ नये, समाजाकडे यावं, या अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांच्या विचाराने त्या भारावल्या होत्या. एकाच पटासाठी त्यांनी दोन नियमावल्या केल्या. एका नियमावलीत संपत्ती निर्माण झाली की सगळ्यांना वाटा मिळायचा, दुसरीत एकजण सगळं गिळायचा. दोन्ही खेळून बघा आणि फरक ओळखा, असं त्यांचं सांगणं होतं. १९३५ मध्ये खेळ विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने ५०० डॉलरला त्यांचं पेटंट घेतलं आणि 'मोनोपॉली' या नावाने घराघरांत पोचली ती फक्त दुसरी नियमावली. पट जवळजवळ तोच, घरंही तीच. एक नियमावली गळली आणि जमीनदारीवरची टीका जमीनदारीचं प्रशिक्षण होऊन बसली.

म्हणून मी म्हणते की खेळाचं म्हणणं त्याच्या चित्रांत नसतं, नियमांत असतं. आणि नियमांत मांडलेलं मत तपासता येतं. अग्रलेख वाचून आपण मान डोलावतो किंवा पान उलटतो. खेळात मात्र हा आकडा वाढला की तो का घटतो, हे दहा वेळा करून पाहता येतं. प्रचाराला अशी तपासणी सोसत नाही.

'ऑइलिगार्की'च तपासून बघा. मूळचे इटलीचे पाओलो पेडर्चिनी 'मोलेइंडस्ट्रिया' या नावाने असे खेळ करतात, त्यांतला हा २००८ चा. तुम्ही तेल कंपनीचे प्रमुख. सुरुवात १९४६ साली टेक्साससारख्या सोप्या जमिनीवर. पुढे अलास्का, व्हेनेझुएला, नायजेरिया, इराक. दर चार वर्षांनी निवडणूक, गाढव (डेमोक्रॅट) आणि हत्ती (रिपब्लिकन) या दोन्ही पक्षचिन्हांवर पैसे लावायची सोय. अध्यक्ष तेलात पुरेसा भिजला की त्याच्याकडून हवे ते निर्णय घडवून आणता येतात. या सगळ्याच्या खाली हबर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाचा १९५६ चा सिद्धांत आहे: उत्पादन चढत जातं, एक शिखर येतं, मग उतरण. अमेरिकेपुरतं ते १९७० मध्ये खरं झालं. पण शेल खडकातलं तेल काढायचं तंत्र पुढे आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेचं उत्पादन १९७० च्या शिखरापेक्षाही वर गेलं. म्हणजे खेळाचा एक पाया कच्चा निघाला. तो कुठे कच्चा आहे ते मी बोट ठेवून दाखवू शकते, कारण तो नियम म्हणून समोर मांडलेला आहे.

तुमचा आक्षेप मला जिथे पूर्ण पटतो, तो खेळही सांगते. याच मंडळींचा २००६ चा 'मॅकडोनाल्ड्स व्हिडिओगेम'. कुरण, गोठा, दुकान आणि मुख्यालय, चारही ठिकाणं एकाच वेळी सांभाळायची. जंगल तोडलं नाही, गुरांच्या चाऱ्यात भेसळ केली नाही, अधिकाऱ्यांचे हात ओले केले नाहीत, तर दिवाळं ठरलेलं. पाचव्या डावानंतर मला नवीन काही सापडेना. खेळ सगळ्या वाटा बुजवतो तेव्हा खेळाडूही विचार करायचा थांबतो. 'ऑइलिगार्की'त मात्र एक फट ठेवली आहे, तिच्याकडे शेवटी येते.

आता दोन दिवसांत बनलेल्या खेळाबद्दल. लुकास पोप यांनी एप्रिल २०१२ मध्ये, ४८ तासांच्या एका स्पर्धेसाठी, 'द रिपब्लिया टाइम्स' बनवला. तुम्ही सरकारी वृत्तपत्राचे संपादक. बातम्या येत राहतात, कुठली किती मोठी लावायची ते तुम्ही ठरवायचं. घड्याळ चालू असतं. सरकारची वाहवा मोठी लावली की वाचकांची निष्ठा वाढते, पण निव्वळ वाहवा कोण वाचणार? म्हणून वाचक टिकवायला चटकदार मजकूरही लागतो. तुमची बायको-मुलं सरकारच्या ताब्यात आहेत.

मी सहा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होते, पानं लावत होते. लीड म्हणजे मुख्य बातमी कुठली, अँकर म्हणजे पानाच्या तळाची कुठली, कुठली बातमी सिंगल कॉलममध्ये आतल्या पानावर ढकलायची, हे रोज रात्री ठरवायचो. आमच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. तरी या खेळात एका अपघाताची बातमी मी सहज, हात न थरथरता, छोटी करून कोपऱ्यात बसवली आणि तिथेच थांबले. ती हालचाल माझ्या हाताला पाठ होती. बातमी एका अक्षरानेही खोटी न करता, नुसत्या तिच्या आकाराने वाचकाला कसं वळवता येतं, हे पत्रकारितेच्या वर्गात मला इतकं कळलं नव्हतं. पुढे बातम्यांच्या ओघातच बंडखोरांचे निरोप येऊ लागतात, निष्ठा उतरवायला मदत करा म्हणून. तुम्ही मदत करता, सत्ता पालटते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राचं नाव 'द डेमोक्रिया टाइम्स' झालेलं असतं आणि तुम्ही त्याच खुर्चीत, त्याच कामाला. हे सुचायला ४८ तास पुरले असतील, पण त्यामागचा विचार दोन दिवसांचा नाही.

मेलेल्या माणसांच्या खेळाबद्दल तुम्ही लिहिलंत ते 'सप्टेंबर १२' विषयी. तो उरुग्वेच्या गोन्सालो फ्रास्का यांनी २००३ मध्ये केला. हा खेळ नाही, यात जिंकता येत नाही आणि हरताही येत नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. बाजारात माणसांची ये-जा आहे, मधेच शस्त्रधारी दिसतात, तुमच्या हातात क्षेपणास्त्र. सोडलं की ते जरा उशिरा पोचतं, तोवर माणसं हललेली असतात. प्रेतापाशी कुणी रडत बसतं आणि रडता रडता शस्त्रधारी होतं. गुण नाहीत, टप्पे नाहीत. मृत्यूची चेष्टा त्या लाखो विकल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होते, जिथे मारलेला माणूस दोन सेकंदांत पडद्यावरून नाहीसा होतो. इथे त्याच्यासाठी कुणीतरी रडतं. तुम्हाला अस्वस्थ वाटलं. सर, मलाही वाटलं, आणि म्हणूनच मी त्यावर लिहिलं.

फुकटपणाचंही कारण आहे. मोबाइलमागची खाण, कारखाना आणि कचरा दाखवणारा 'फोन स्टोरी' हा खेळ ॲपलने सप्टेंबर २०११ मध्ये आपल्या ॲपच्या दुकानात आल्या आल्या काढून टाकला. संकेतस्थळावरची प्रत मात्र राहिली. दुकानदाराच्या परवानगीवर जगायचं नसेल तर बाहेर बसावं लागतं, आणि बाहेर बसणाऱ्याला बहुधा दाम मिळत नाही.

जुने खेळ उघडत नाहीत, ही तुमची तक्रार बरोबर आहे. ते ज्या फ्लॅश या प्रणालीवर चालायचे, तिचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. 'रफल' नावाचं मोफत साधन घातलं की त्यातले बरेचसे पुन्हा चालतात.

आता तुमचा नातू. त्याने टाळी मागितली ती राष्ट्राध्यक्ष विकत घेतल्यावर, म्हणजे खेळाच्या पहिल्या निम्म्यात. विहिरी आटू लागल्यावर तो काय करतो ते तुम्ही पाहिलेलं नाही. तिथेच ती फट आहे: नवी विहीर खणायची नाही, नवं युद्ध नाही, मागणी हळूहळू उतरू द्यायची आणि कंपनी लहान होत जाताना नुसतं पाहायचं. तसं केलं तर एक शांत निवृत्ती मिळते. माझ्या हाताला ते चौथ्या खेपेला जमलं. येत्या रविवारी त्याच्या शेजारी बसा, मधे बोलू नका, त्याला अखेरपर्यंत खेळू द्या. त्याला कुठला शेवट आला आणि त्यावर तो तुम्हाला काय म्हणाला, ते इथेच लिहा. मी वाट बघते.