रोज तेच झाड

आमच्या घरातून फिरायला निघायला पाऊण तास लागतो आणि प्रत्यक्ष फिरणं होतं पंचवीस मिनिटांचं. हा हिशोब मी नवऱ्यासमोर मांडला तेव्हा तो म्हणाला, "मग निघण्यालाच फिरणं धरू या, व्यायाम तर तिथेच होतो." तो चेष्टेने म्हणाला, पण बूट घालायच्या वेळी घरात असणाऱ्या कुणालाही त्यात चेष्टा दिसणार नाही.

थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन. थोरलीला मोज्याची शिवण बोटांखाली गेलेली चालत नाही. ती नखांच्या बरोब्बर वर, सरळ रेषेत बसली पाहिजे. नाहीतर बूट काढा, मोजा काढा, पहिल्यापासून सुरू. धाकट्याला सगळं "मी मी" करायचं असतं आणि तो बूट हमखास उलट्या पायांत घालतो. (हमखास कसे, हे मला कळलेलं नाही. डोळे मिटून घातले तरी निम्म्या वेळा बरोबर यायला हवेत.) मग जाकिटं, मग टोपी, मग हरवलेली दुसरी टोपी. दाराला कुलूप लागलं, किल्ली पर्समध्ये गेली, की खालून आवाज येतो, "आई, शू."

एवढं करून आम्ही जातो कुठे, तर गल्लीच्या टोकापर्यंत. तिथे एक मोठं झाड आहे, झाडाला खेटून रस्त्यावरचा दिवा आहे. झाडाला हात लावायचा आणि परत यायचं. रोज. पावसाची रिपरिप असेल तरी.

मैत्रिणींना हे सांगितलं की त्या विचारतात, रोज तेच? मुलं कंटाळत नाहीत? म्हणून ही पोस्ट. माझं मत जरा टोकाचं आहे, पण ते असं: लहान मुलांना घेऊन शरद बघायला कुठेही जाऊ नका.

(शब्दाबद्दल एक खुलासा, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी कान धरेल. आपल्या सहा ऋतूंतला शरद म्हणजे निवळलेलं आकाश आणि टिपूर चांदणं. पानगळ आपण शिशिरात धरतो. मी इथे शरद म्हणतेय ते झाडं पिवळी-तांबडी होऊन मोकळी होतात त्या दिवसांना.)

गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो. रंग बघायला, मुद्दाम, गाडी काढून, सुट्टीच्या दिवशी. धाकटा तिथे पोचायच्या पाच मिनिटं आधी झोपला आणि उठवल्यावर जो रडायला लागला तो तासभर. थोरलीला मी पानांची ओंजळ वर उडवायला लावली. पहिल्यांदा तिने मनापासून उडवली, पण माझा फोटो हलला. मग पुन्हा. मग "इकडे बघून." मग "हसून." सातव्या वेळी तिने पानं उडवली नाहीत, नुसती हातातून सोडून दिली. सातवा फोटोच चांगला आला आणि तोच मी इथे टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला बदाम दिले आहेत. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा शांत भाव म्हणजे वैताग होता, हे आज सांगून टाकते.

त्या दिवशी आम्ही रंग बघितले, पण ऋतू बघितला नाही. ऋतू म्हणजे काल असं होतं आणि आज तसं आहे, यातला फरक. तो दिसायला कालचं पाहिलेलं असावं लागतं. एकदाच गाडीने जाऊन पाहिलेलं लालभडक झाड मुलाच्या दृष्टीने नुसतं लाल झाड आहे. ते आधी हिरवं होतं, हे त्याने आपल्या तोंडून ऐकलेलं असतं. गल्लीतल्या झाडाचं तसं नाही. ते हळूहळू पिवळं होताना मुलांनी स्वतः पकडलेलं असतं.

हा पिवळेपणा मी थोरलीला समजावायला गेले. पानात पिवळा रंग आधीपासून असतोच, फक्त हरितद्रव्याच्या हिरव्याखाली तो झाकलेला असतो. दिवस लहान होऊ लागले की झाड ते हरितद्रव्य मोडायला घेतं, त्यातलं कामाचं ते परत आत ओढून घेतं आणि मग खालचा पिवळा दिसायला लागतो. लाल मात्र बहुतेक झाडं त्याच दिवसांत नव्याने तयार करतात. एवढं भाषण ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, "मग पिवळ्यावर राज्य कुणाचं होतं?" तिच्या डोक्यात लपंडाव. मला तिचं ऐकून माझं स्पष्टीकरण फारच पुस्तकी वाटलं आणि तेव्हापासून मी शिकवणं बरंच कमी केलं आहे.

सासूबाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात, रोज नेतेसच तर झाडांची नावं तरी शिकव. त्यांच्या सांगण्यावरून मी एकदा यादी केली होती: पाच प्रकारची पानं, दोन बिया, एक पीस, एक गुळगुळीत दगड. थोरलीने सगळं सहा मिनिटांत गोळा केलं, यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "झालं. घरी जाऊ या." शाळेचा गृहपाठ उरकावा तसं उरकलं. आमच्या झाडाचं शास्त्रीय नाव मी नंतर शोधून काढलं, पण घरात कुणी ते वापरत नाही. घरात त्याचं नाव 'दिव्याचं झाड'.

आणि या दिव्यामुळेच मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

सप्टेंबरातला संपात, म्हणजे दिवस-रात्र साधारण सारखे असतात तो दिवस, झाला की पुढचे काही आठवडे दिवस सगळ्यात झपाट्याने आखूड होतो. सहाला उजेडात निघणारे आम्ही महिन्याभरात त्याच सहाला अंधारात निघू लागलो. धाकट्याला हे मान्य नव्हतं. "रात्र बंद कर" असं त्याने दोनतीनदा मला बजावलं. पण अंधारामुळे दिव्याखाली थांबणं वाढलं. एका संध्याकाळी थोरली मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मी "चला, चला" करत होते, कारण धाकट्याच्या नाकाचा नळ सुरू झाला होता. ती म्हणाली, "आई, दिव्याच्या बाजूची पानं अजून हिरवी आहेत."

मी म्हटलं, दिव्याच्या उजेडात तसं वाटतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिने मला दिवसाउजेडी तिथे उभं केलं. खरंच, दिव्यापासून लांबच्या फांद्या पार विरळ झालेल्या, आणि दिव्याला लागून असलेल्या दोन फांद्यांवर पानं दाट, त्यांतली निम्मी हिरवी. रात्री घरी येऊन शोधलं तर १९३६ सालीच एका वनस्पतिशास्त्रज्ञाने यावर शोधनिबंध लिहिलेला. रस्त्यावरच्या दिव्यांजवळच्या फांद्यांची पानगळ लांबते. झाड ऋतू ओळखतं ते मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून, आणि दिव्याशेजारच्या त्या फांद्यांना पुरेशी लांब रात्र मिळतच नाही.

मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं जातेय. मला कधीच दिसलं नव्हतं. तिला दिसलं ते ती हुशार आहे म्हणून नव्हे (आहे, पण तो मुद्दा नाही). ती महिनाभर रोज त्याच झाडाखाली कंटाळत उभी राहिली होती म्हणून.

कंटाळा येतो तो मोठ्यांना, हेही माझ्या लक्षात आलंय. तीच गोष्ट तेहेतिसाव्या रात्री सांगताना आपण एखादं वाक्य गाळलं की गादीतून लगेच आवाज येतो, "ते राहिलं." पुनरावृत्तीचा मुलांना त्रास होत नाही. त्यांना हक्क वाटतो तो. चार्ल्स डार्विनचंही उदाहरण मी मैत्रिणींच्या तोंडावर फेकते. जहाजातून जवळपास पाच वर्षं पृथ्वी फिरून आलेला माणूस, पुढचं आयुष्य घराजवळच्या एकाच पायवाटेवर फेऱ्या मारत राहिला. फेऱ्या मोजायला गारगोट्यांचा ढीग. एक फेरी झाली की एक दगड लाथेने बाजूला. त्याची मुलं तिथेच खेळायची. त्याला पाच मिनिटं शांतता तरी मिळत असेल का, ही माझी शंका.

आता चालण्याबद्दल. माझ्या नवऱ्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे आणि मुलांसोबतचं फिरणं त्या घड्याळाच्या खिजगणतीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत पाच वर्षांखालच्या, चालत्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय. तीन तास वाचून छाती दडपते, पण त्यात सोफ्यावरून उड्या मारणंही येतं, त्यामुळे आमचा कोटा सकाळी आठलाच भरत असावा. मला जास्त आवडतो तो २०१२ मधला एक अभ्यास: नुकती चालायला लागलेली बाळं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. तासाला सतरा! आपल्यापैकी कुणी सतराव्यांदा पडून अठराव्यांदा उठलं असतं का, सांगा. मी तर पहिल्या आपटीनंतरच रिक्षा बोलावली असती.

सगळं छान छान आहे असंही नाही. परवा पाऊण तासाची तयारी करून निघालो आणि तिसऱ्या घरासमोर धाकटा डबक्यात बसला. पडला नाही. विचार करून, नीट जागा बघून, मांडी घालून बसला. मी अशी ओरडले की एका घराची खिडकी उघडली. परत. मोजे, बूट, सगळं नव्याने, आणि थोरलीच्या डोळ्यांत पाणी, कारण आज झाडाला हात लावायचा राहिला. वॉशिंग मशीनही मध्यंतरी बंद पडलं होतं. दुरुस्तीवाल्याने फिल्टर उघडून ओंजळभर बिया आणि एक लहानसा दगड माझ्या हातावर ठेवला, एका शब्दाने काही न बोलता. तेव्हापासून मी खिसे तपासते. तपासते म्हणजे, आठवलं तर.

धाकट्याचं झाडाशी वेगळंच प्रकरण चालू आहे. गळलेलं प्रत्येक पान परत लावायचं असा त्याचा आग्रह. पान उचलतो, मला कडेवर घ्यायला लावतो आणि देठ फांदीवर दाबून धरतो. पान पडतं. पुन्हा. एकदा त्याच्या बोटाशेजारी डोळा नेऊन मी पाहिलं. पान जिथून सुटलं होतं तिथे नखाएवढा सपाट वण होता, आणि वणात दोनचार ठिपके, पानात पाणी नेणाऱ्या नळ्यांची बंद झालेली तोंडं. वणाच्या लगेच वर, घट्ट मिटलेली, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढी कळी. पुढच्या वसंतातली पानं. ही कळी झाड उन्हाळ्यातच करून ठेवतं. पानं असेपर्यंत आपलं लक्ष जात नाही, इतकंच.

मी हरखून म्हटलं, "अरे बघ, नवीन पान इथे आधीच आहे!" त्याने कळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे नको. हे लाव." आणि हातातलं पान पुढे केलं. मग मी केसांतला चाप काढला आणि लावलं.

ते पान दोन दिवस टिकलं. चाप अजून तिथेच आहे.

आज दिव्याच्या बाजूला किती पानं उरली यावरून वाद झाला. मी सात मोजली, थोरलीने नऊ. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "खूप." उद्या पुन्हा मोजायचं ठरलंय. आत्ता रात्रीचे साडेदहा, दोघं झोपलेत आणि मी सोफ्याखाली हात घालून धाकट्याचा एक बूट शोधतेय.